सुटसुटीत यंत्र, वजन पासष्ट किलो

बीट हा कंद जमिनीत असतो तोवर फार शांत स्वभावाचा असतो. मी तीस वर्षं बीट लावतोय, आजवर एकाशीही माझा वाद झालेला नाही. पण तोच कंद उकडून, चकत्या करून, व्हिनेगरच्या बरणीत महिनाभर कोंडून ठेवला की त्याच्या मनात सूड भरतो आणि तो संधीची वाट पाहत बसतो. माझ्या बाबतीत त्याला ती संधी जुलै महिन्यातल्या एका मंगळवारी, संध्याकाळी साडेपाचला मिळाली.

माझी बायको म्युरिअल आदल्याच दिवशी महिला मंडळाच्या सहलीबरोबर वेल्सच्या समुद्रकाठी गेली होती. शुक्रवारी दुपारी चारला परत. निघताना तिने दारात उभं राहून मला तीन सूचना दिल्या. एक, जिरेनियमना पाणी घालायचं. दोन, पुढच्या खोलीत खायचं काही न्यायचं नाही. तीन, तिथल्या साइडबोर्डाला, त्या लांब बुटक्या कपाटाला, हात लावायचा नाही, त्याचा मागचा पाय कमकुवत आहे. या तीन सूचना मला बावीस वर्षं मिळताहेत. मी त्या शब्दशः पाठ म्हणून दाखवल्या, तेव्हा कुठे बस सुटली.

पुढच्या खोलीबद्दल सांगायला हवं. त्या खोलीत आम्ही नाताळला बसतो, कोणी गेलं तर बसतो, आणि पाद्रीबाबा आले तर बसतो. एरवी ती खोली आमच्यावाचून सुखात असते. कारण तिथला गालिचा. आमच्या किडरमिन्स्टरमध्ये, गालिच्यांच्या गिरण्यांच्या गावात, गालिच्याला कोणी नुसता गालिचा म्हणत नाही. कुठल्या गिरणीचा, कुठल्या मागावरचा, कुणाच्या हातचा, हे विचारतात. आमचा म्हणजे आमची गिरणी बंद पडली त्या आठवड्यात निघालेला शेवटचा तुकडा. सायीच्या रंगावर गुलाब, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आणि म्युरिअल त्या गिरणीत 'वेचणारी' होती. मागावरून उतरलेला माल उजेडात पसरायचा, सुटलेला एकेक धागा नजरेने वेचायचा आणि सुईने भरायचा, हे त्या बायकांचं काम. म्युरिअलच्या नजरेतून सदतीस वर्षांत एक चूक सुटली नाही. अपवाद म्हणून लोक माझ्याकडे बोट दाखवतात.

मीही त्याच गिरणीत होतो, पण माल रवाना करायच्या खात्यात. एकोणतीस वर्षं मी गालिचे पाहिले ते गुंडाळलेले. त्यामुळे आमच्या गल्लीत गालिच्याबद्दल मत द्यायची माझी पात्रता नाही. पोस्टमनला आहे, मला नाही.

तर मंगळवारी मी मागच्या खोलीत ताटली घेऊन बसलो होतो. डुकराच्या मांसाचं सारण भरलेली गार पेस्ट्री, चीजचा तुकडा आणि बिटाच्या चकत्या. तेवढ्यात रस्त्यावर आवाज चढला. आमच्या समोरचा गिटिन्स वाहतुकीच्या पोरीशी भांडत होता. तिने त्याच्या गाडीला दंडाची चिठ्ठी लावली होती. हे असलं दृश्य मागच्या खोलीतून नीट दिसत नाही. मी उठलो. ताटली हातात राहिली. एवढाच माझा गुन्हा. न्यायालयात गेलो असतो तर सुटलो असतो.

खिडकीशी पोचलो तेव्हा गिटिन्स म्हणत होता, "बाई, मी या गल्लीत तुझ्या आजीच्या लग्नाआधीपासून गाडी लावतो!" मला हसू आलं. हसताना ताटली तिरकी झाली. सात चकत्या आणि चांगला अर्धा पेला रस. आणि वाकून बघताना मी एक पाऊल मागे घेतलं, ते नेमकं चौथ्या चकतीवर. ती उडून पार साइडबोर्डाच्या पायावर आदळली.

डाग ऑस्ट्रेलियाएवढा होता. म्हणजे नकाशातल्या.

मी रुमालाने पुसला तर न्यूझीलंडही तयार झालं. मग सहा वाजले आणि फोन वाजला. म्युरिअल रोज सहाला फोन करते. तिच्यावर घड्याळ लावावं.

"काय करतोयस क्लेम?"

"उभा आहे."

"कुठे?"

"इथेच. घरात."

थोडा वेळ समुद्राचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तू पुढच्या खोलीत आहेस."

"छे!"

"तुझा आवाज मऊ येतोय. फरशीवर तुझा आवाज असा येत नाही. गालिच्यावर उभा आहेस."

मी तीन ढांगांत स्वयंपाकघर गाठलं आणि म्हणालो, "आता?" हे बोलायला नको होतं, असं नंतर लक्षात आलं. पण तिला तेवढ्यात कोणीतरी जेवायला बोलावलं. देव आहे.

त्या रात्री मी जेवलो नाही. जेवण गालिच्यावर होतं.

बुधवारी सकाळी आठला गिटिन्स दंडाची चिठ्ठी दाखवायला आला आणि त्याला डाग दिसला. गिटिन्स एकेचाळीस वर्षं विणकर होता. त्याने टोपी काढली.

"बीट?" त्याने विचारलं.

"बीट."

"घरचं?"

"घरचं."

"गडद उतरतं तुझं बीट. मी दरवर्षी सांगतो, चुना कमी घाल."

त्याच्या पाठोपाठ शेजारच्या लेंचबाई आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पण आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे आणि ती भिंत मोठी सरळ मनाची आहे, ऐकलेलं पोचवते. लेंचबाई गिरणीत रंगीत लोकरीच्या रिळांवर होत्या, म्युरिअलची जिवाभावाची मैत्रीण. त्यांनी डागाकडे पाहिलं, मग का कोण जाणे साइडबोर्डाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "व्हिनेगर."

"व्हिनेगरनेच तर झालंय हे," मी म्हणालो.

"मग मीठ."

"विणलेल्या मालाला मीठ?" गिटिन्स उखडला. "बाई, तुम्ही रिळं भरायच्या. गालिचा आम्ही विणायचो."

"हो, आणि तुम्ही विणलेलं निस्तरायला वेचणाऱ्या बायका ठेवल्या होत्या!"

हे भांडण गिरणीत एकोणीसशे बासष्ट साली सुरू झालेलं आहे. मी मध्ये बोलायचा प्रयत्न केला तर दोघेही एकदम म्हणाले, "तू गप्प बस, तू रवानगीतला."

हे लागलं. माणसाला आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या जोरावर काही करून दाखवावंसं वाटतं. मी कोट चढवला आणि म्हणालो, "मी यंत्र आणणार आहे."

यंत्रं भाड्याने देणारं दुकान कालव्याच्या पुलापाशी आहे. तिथल्या काउंटरवर ट्रिश नावाची चाळिशीची बाई असते. आमच्याकडे दुकानदार बायका गिऱ्हाईकाला 'बाळा' म्हणतात. गिऱ्हाईक शहात्तर वर्षांचं असलं तरी. एरवी मला त्याचं काही वाटत नाही. पण त्या दिवशी माझा मान आधीच दुखावलेला होता.

"ये बाळा, काय हवंय?"

"गालिचा धुवायचं यंत्र."

तिने तीन यंत्रं दाखवली. पहिलं चहाच्या किटलीएवढं होतं. जिन्याच्या पायऱ्यांसाठी आणि मोटारीच्या गाद्यांसाठी. दुसरं झाडूसारखं उभं, दांडा धरून ढकलायचं. तिसरं कोपऱ्यात होतं. छातीएवढं उंच, निळं, मागे दोन मोठी चाकं, पोटात दोन टाक्या, एक स्वच्छ पाण्याची आणि एक घाण पाण्याची, आणि अंगाभोवती नळीची वेटोळी. त्याच्या पोटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: सुटसुटीत, सहज नेण्याजोगं. खाली बारीक अक्षरांत: पासष्ट किलो, पाण्याशिवाय.

"ते हॉटेलवाले नेतात," ट्रिश म्हणाली. "तुझ्या वयाला मधलं बरं. हलकं आहे, कंबर धरणार नाही."

यावर कुठल्या पुरुषाने मधलं नेलं असतं? असेल कोणी तर तो किडरमिन्स्टरचा नाही.

"निळं," मी म्हणालो.

"गालिचा कसला आहे बाळा? विणलेला असेल तर पाणी बेताने हं. सोडलंस तेवढं लगेच ओढून घ्यायचं. खालचं तागाचं अस्तर भिजलं की—"

"बाई," मी म्हणालो, "तुमचं गाव कुठलं?"

"कव्हेंट्री."

"कव्हेंट्रीत सायकली होतात. मी गालिच्याच्या गिरणीत एकोणतीस वर्षं काढली आहेत."

कुठल्या खात्यात, ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मग फॉर्म निघाला. नाव आणि पत्ता असलेले दोन कागद हवेत. विजेचं बिल म्युरिअलच्या नावावर. पाण्याचं म्युरिअलच्या. गॅस, फोन, घरपट्टी, सगळं म्युरिअलच्या. अठ्ठेचाळीस वर्षं मी त्या घरात राहतो याला लेखी पुरावा नाही, हे मला त्या काउंटरवर कळलं. घरी जाऊन शोधलं तेव्हा माझ्या नावाचे दोनच कागद सापडले. एक, वाचनालयाचं स्मरणपत्र. दोन, भाजीच्या वाफ्यांच्या समितीने मला पाठवलेली ताकीद, की माझ्या रासबेरीची झुडपं शेजारच्या वाफ्यात घुसतात.

ट्रिशने दोन्ही उजेडात धरून पाहिले. "चालतील. ताकिदीवरचा पत्ता नेहमी खरा असतो."

शिवाय नियम असा, की पन्नास किलोच्या वर दोन माणसांनी उचलायचं आणि दोघांनी सह्या करायच्या. म्हणून गिटिन्सला त्याच्या गाडीसकट आणावं लागलं. व्यवसाय या रकान्यात त्याने 'विणकर' लिहिलं, गिरणी बंद पडून बावीस वर्षं झाली तरी. माझ्या रकान्यात मी 'गालिचे' लिहिलं. ते काही खोटं नव्हतं.

यंत्र गाडीत चढवायला दुकानातली तिघं माणसं लागली. उतरवायला आम्ही दोघं होतो. गिटिन्सला पुन्हा दंड नको होता, म्हणून त्याने गाडी आमच्या टेकडीच्या माथ्यावर लावली. आमचं घर टेकडीच्या मध्यावर आहे. "चाकं आहेत ना त्याला," तो म्हणाला. "उतारच आहे. आपोआप जाईल."

आपोआप गेलं. मी मूठ धरली होती, एवढाच माझा सहभाग. पहिली पाच घरं आम्ही चालत गेलो, पुढची पाच पळत. त्यानंतर माझे पाय जमिनीला लागत होते असं मी शपथेवर सांगू शकत नाही. आमचं घर आलं, मी त्याच्याकडे पाहिलं, ते गेलं. खाली वळणावर एक प्रेतयात्रा हळूहळू येत होती. रीत सोडून कसं चालेल? मी एक हात सोडला आणि टोपी उतरवली. शववाहिनीच्या शोफरनेही मान लववली. यंत्र शेवटी पोस्टाच्या दारात जाऊन थांबलं. आत पेन्शनवाल्यांची रांग होती. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "रांगेतून यायचं, भाऊ."

तिथून ते चढावर घरापर्यंत आणायला आम्हाला पंचावन्न मिनिटं लागली. दर तीन घरांवर एकेक माणूस सल्ला द्यायला उभा होता. एकाने 'उलटं ओढा' म्हणून सांगितलं, दुसऱ्याने 'सुलटं ढकला' म्हणून. तिसरा नुसता म्हणाला, "म्युरिअल शुक्रवारी येणार ना?" सगळ्या गल्लीला कळलं होतं. न कळलेली एकटीच, आणि ती समुद्रकाठी आइस्क्रीम खात होती.

लेंचबाईंच्या अंगणात बाहेरचा नळ आहे, तिथे आम्ही टाकी भरून घेतली. चाळीस लिटर. मग लक्षात आलं, की आमच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. म्हणजे पासष्ट आणि चाळीस, एकशे पाच. शहाण्या माणसाने टाकी रिकामी केली असती. पण लेंचबाई बघत होत्या, त्यामुळे शहाणपणाचा प्रश्नच नव्हता. पहिली पायरी मी जोरावर चढवली, दुसरी गिटिन्सच्या शिव्यांवर. तिसरीवर माझ्या पाठीतून असा आवाज आला, की गिटिन्सने रस्त्यावर वळून पाहिलं.

आत नेऊन पाहतो तर त्याला दोन वायरी. एक पाणी सोडणाऱ्या पंपाची, दुसरी पाणी ओढून घेणाऱ्या मोटरीची. दोन्ही एकाच घरात लावल्या की आमच्या घराची वीज जाते. एकदा गेली, दोनदा गेली, तिसऱ्यांदा फ्रिजने सुस्कारा सोडला तो माणसासारखा.

"एक वायर माझ्याकडे द्या," लेंचबाई म्हणाल्या. मग ओढणाऱ्या मोटरीची वायर आमच्या दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून बाहेर, त्यांच्या दारातल्या फटीतून आत, थेट त्यांच्या स्वयंपाकघरात. पंप आमच्या विजेवर, ओढणं त्यांच्या. मला ही व्यवस्था फार पसंत पडली. दोन घरांचा सलोखा म्हणावा तर असा.

आणि ते चाललं! काय ते चाललं! विमानतळासारखा आवाज. मी नळीचं तोंड डागावरून पुढे-मागे फिरवू लागलो आणि माझ्या डोळ्यांदेखत न्यूझीलंड समुद्रात बुडालं. ऑस्ट्रेलियाचा किनारा झिजायला लागला. गिटिन्स उंबऱ्यात उभा राहून ओरडत होता, "पाणी कमी! पाणी कमी!" आणि मी ओरडत होतो, "काय?"

आता इथे मला लेंचबाईंच्या चांगुलपणाबद्दल बोलणं भाग आहे. शेजारी कोणी काम करत असेल तर आमच्या गावात चहा करतात. न करणं म्हणजे भांडण काढणं. लेंचबाईंनी चहा केला. त्यासाठी त्यांनी किटली लावली. किटली लावली की त्यांच्या स्वयंपाकघरातली वीज जायची, कारण त्याच तारेवर आमची मोटर. मग त्या म्हणायच्या, "हे काय बाई," आणि जिन्याखाली जाऊन खटका वर करायच्या. तेवढी दोन-तीन मिनिटं ओढणारी मोटर बंद. पंप मात्र आमच्या विजेवर इमानदारीने चालूच. पंपाचाच आवाज एवढा, की मला वाटायचं सगळं ठीक आहे. मी आनंदाने पाणी सोडत होतो.

त्या दुपारी लेंचबाईंनी सहा वेळा चहा केला. दोन वेळा बिस्किटंही दिली.

साडेचारला डाग गेला. मागमूस नाही. मी यंत्र बंद केलं, हात वर केले आणि विजयी मुद्रेने एक पाऊल टाकलं. पाऊल 'पचक' म्हणालं.

गिटिन्स वाकला. त्याने तळहात गालिच्यावर दाबला आणि बोटांमधून पाणी वर आलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. "क्लेम, हा भिजलाय तळापर्यंत. खालचा ताग भिजलाय. हा आता..."

"काय?"

"काही नाही. वाळला की बघू."

सहाला फोन. "काल तुझा आवाज बरा नव्हता," म्युरिअल म्हणाली.

"आज बरा आहे."

"आज ओला येतोय."

मी म्हणालो, आंघोळ केली. बुधवारी? ती म्हणाली. मी म्हणालो, जुलै आहे.

गुरुवारचा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. जुलै महिन्यात घराचं हीटर पुरं चढवलं. गिटिन्स म्हणाला खिडक्या बंद ठेव, ऊब टिकेल. लेंचबाई म्हणाल्या खिडक्या उघड, वारा येईल. मी दर पंधरा मिनिटांनी आळीपाळीने दोघांचं ऐकत होतो. घरात अशी वाफ, की पत्रं टाकायला आलेल्या पोस्टमनचा चष्मा पत्रपेटीच्या फटीतून धूसर झाला. पाठ वाकत नव्हती, त्यामुळे मी गालिचा हाताने तपासू शकत नव्हतो. मोजा काढून अंगठ्याने तपासत होतो. यंत्र परत नेताना ट्रिशने विचारलं, "कसं झालं बाळा?" मी म्हणालो, "डाग गेला." तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी डॉक्टरबाई पाहते.

शुक्रवारी दुपारी गालिचा वाळला होता. मी दार उघडलं आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. साय ती साय, गुलाब ते गुलाब. गिरणीतून उतरला तेव्हाही इतका सुंदर नसेल. मग मला खिडकीकडची भिंत दिसली. भिंत होती, फळ्या होत्या, फळ्यांवर गालिचा ताणून अडकवायची दातेरी पट्टी होती. गालिचा नव्हता. तो चार इंच अलीकडे येऊन थांबला होता.

गिटिन्स आला, उभा राहिला, पुन्हा टोपी काढली. "आटला," तो म्हणाला. "ताग भिजला की आटतो. त्या बाजूला साइडबोर्डाने दाबून धरलाय, म्हणून इकडून सुटला."

"हे तुला माहीत होतं?"

"प्रत्येक विणकराला माहीत असतं."

"मग बोलला का नाहीस?"

"दोन तास ओरडत होतो रे! तू 'काय? काय?' करत होतास."

घड्याळात दोन वाजले होते. चारला बस येणार. मी खोलीत येरझारा घालू लागलो. पाठ वाकडी, त्यामुळे येरझाराही गोल होत होत्या. ओढून पाहिला, हलला नाही. खिडकीशी जिरेनियमच्या कुंड्या मांडून पाहिल्या. पाच कुंड्या, चौदा फूट भिंत. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात ती मला जे म्हणत आली, ते आज खरं ठरणार होतं: मला एक खोली सांभाळता येत नाही.

गिटिन्स एकदम म्हणाला, "साइडबोर्ड!"

"त्याचं काय?"

"तो पूर्वी खिडकीकडेच होता. आठवतं? चांगला आठ फुटी आहे. तो पुन्हा तिकडे लाव, दोन्ही कडांना कुंड्या ठेव. चार इंच काय, माणूस दडेल मागे."

आठवलं. बावीस वर्षांपूर्वी मी वाफ्यावरून घरी आलो तर साइडबोर्ड या भिंतीचा त्या भिंतीला गेलेला. म्युरिअल म्हणाली होती, उन्हाने लाकडाचा रंग उडतो. तेव्हापासून त्याचा पाय कमकुवत.

"नाही!" लेंचबाई दारातून म्हणाल्या. त्या कधी आल्या कळलं नव्हतं. "साइडबोर्ड हलवायचा नाही. पाय मोडेल."

"आम्ही जपून हलवू."

"मोडेल म्हणते ना! त्यापेक्षा तू म्युरिअलला खरं सांग. माणसाने खरं बोलावं."

लेंचबाई गेली साठ वर्षं आमच्या गल्लीत आहेत. खरं बोलावं असं त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या. मला संशय यायला हवा होता. पण मला फक्त घड्याळ दिसत होतं. पावणेतीन. मी आणि गिटिन्सने दोन टोकं धरली. लेंचबाईंनी मध्येच त्याच्यावर हात टेकले, मदतीला की अडवायला, सांगता येत नाही. एक, दोन, आणि उचलला.

पाय चारही भक्कम होते.

आणि साइडबोर्डाखाली, सायीच्या रंगावर, दोन गुलाबांच्या मधोमध, काळपट तपकिरी, कडा स्पष्ट, टोकदार, एक इस्त्री उमटली होती. नुसता डाग नव्हे. वाफेची भोकंसुद्धा मोजता आली असती.

गिटिन्सने टोपी काढायला हात वर नेला, ती आधीच काढलेली होती. लेंचबाई भिंतीवरच्या चित्राकडे फार लक्ष देऊन पाहू लागल्या.

"पडद्यांची किनार," शेवटी त्या चित्राला उद्देशून म्हणाल्या. "पाद्रीबाबा यायचे होते. ती इथेच खाली बसून किनारीवर इस्त्री फिरवत होती. दाराची घंटा वाजली. एक मिनिट ठेवली बिचारीने. एकच मिनिट. दारात मीच होते. चहाला बोलवायला आले होते."

तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. सहलीची बस तासभर आधी पोचली होती. जोरात पाऊस लागला म्हणून समुद्र सोडून निघाल्या. म्युरिअल हातात बॅग घेऊन पुढच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली.

तिने आधी आम्हाला पाहिलं, खोलीच्या मध्यावर साइडबोर्ड धरून उभे असलेले तीन म्हातारे. मग तिची नजर खाली गेली, तशीच जशी गिरणीत जायची, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. खिडकीपाशी थांबली. चार इंच. मग खोली ओलांडून या भिंतीकडे आली. इस्त्री. तिथेही थांबली, जरा जास्तच.

"बीट?" तिने विचारलं.

"बीट," मी म्हणालो. "कसं ओळखलंस?"

"साइडबोर्डाच्या पायाला लागलंय."

ती आत आली. बॅग ठेवली. कोटाची बटणं काढली. मी आयुष्यातली सगळ्यात मोठी झोड अंगावर घ्यायला उभा राहिलो. पाठ सरळ करता येत नव्हती, पण मनाने सरळ होतो. "क्लेम," ती म्हणाली, "तो खाली ठेवा आधी. तुझी पाठ गेलीय."

आम्ही ठेवला. तिने एकदा या भिंतीकडे पाहिलं, एकदा त्या. मीही पाहिलं. माझ्याही तेच लक्षात आलं. साइडबोर्ड खिडकीकडे ठेवला तर माझे चार इंच झाकतात आणि तिची इस्त्री उघडी पडते. इकडे ठेवला तर इस्त्री झाकते आणि मी उघडा. भिंती दोन, साइडबोर्ड एक.

"बावीस वर्षं?" मी हळूच विचारलं.

"तू चार दिवस," ती म्हणाली. आणि तिचा ओठ हलला. हसू होतं की काय, मी नक्की सांगत नाही. मग तिने लेंचबाईंना विचारलं, "तुझ्या जावेकडे तिच्या आईचा एक होता ना? सहा फुटी?"

"गॅरेजमध्ये पडलाय," लेंचबाई म्हणाल्या. "त्यावर रंगाचे डबे ठेवतात."

"गिटिन्सभाऊ, तुमची गाडी कुठे आहे?"

"टेकडीच्या माथ्यावर," गिटिन्स खालच्या आवाजात म्हणाला.

लेंचबाई चहा टाकायला वळल्या. आम्ही तिघांनीही एकदम नको म्हटलं.

आता आमच्या पुढच्या खोलीत दोन साइडबोर्ड आहेत, समोरासमोर. मध्ये पाद्रीबाबांना बसायला जेमतेम जागा उरते. गुडघे वळवून बसतात. गेल्या नाताळात त्यांनी विचारलं, "मिसेस पार्डो, एवढे साइडबोर्ड कशाला हो?" म्युरिअल म्हणाली, "आमच्या क्लेमला लाकडाची फार हौस." मी मान डोलावली आणि ताटली नीट दोन्ही हातांनी धरली. त्या खोलीत मला आता खायला परवानगी आहे. बीट सोडून.